अतिमानवाचे बळ आणि वीराचा उत्साह

लोकप्रिय वाङ्मयातील अतिमानवी नायकाविषयी समीक्षेच्या सहसा दोनच भूमिका दिसतात : बालिश रंजन म्हणून त्याची उपेक्षा, अथवा बाजारसंस्कृतीचे अपत्य म्हणून त्याचा निषेध. या दोन्ही भूमिकांत एक मूलभूत प्रश्न अस्पर्शित राहतो. एखादा लेखक जेव्हा स्वतःचा असा नायक घडवतो, तेव्हा तो वीरत्व नेमके कशात पाहत असतो? बळात, की आणखी कशात?

संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रश्नाचे दिलेले उत्तर लक्षणीय आहे. वीररसाचा स्थायिभाव बल नाही, क्रोध नाही. तो उत्साह आहे. क्रोध हा रौद्राचा स्थायी होय. भरताने दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे तीन भेद सांगितले. विश्वनाथाने त्यांत दयावीराची भर घातली. शस्त्राशी थेट संबंध असलेला भेद यांपैकी एकच. म्हणजे शारीरिक सामर्थ्य हे वीरत्वाचे एक संभाव्य साधन ठरते, त्याचे लक्षण नव्हे. प्रतिकूलतेसमोर न ढळणारा कृतिप्रवण निश्चय हे त्याचे लक्षण आहे.

या कसोटीवर ‘सुपरमॅन’ची निर्मितिकथा पाहण्याजोगी आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलंडमध्ये वाढलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुण. १९३३ साली, महामंदीच्या काळात, त्यांनी हे नाव प्रथम वापरले ते एका खलपुरुषासाठी. फुकट अन्नासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका कंगालाला एक शास्त्रज्ञ रसायन देतो. त्यातून त्याला विलक्षण मानसिक शक्ती लाभते आणि तो जगावर सत्ता गाजवू पाहतो. अखेर शक्ती ओसरते आणि तो पुन्हा त्याच रांगेत येतो. सामर्थ्य स्वतः नीतिनिरपेक्ष असते, ही जाणीव या पात्राच्या पहिल्याच आराखड्यात होती. त्याच नावाचा नायक १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला, तेव्हा बदलले होते ते बळाचे प्रयोजन.

हा प्रारंभीचा नायक उडत नव्हता. लांबच लांब झेप घेत होता. फुटणारा तोफगोळा त्याची त्वचा भेदू शकेल, अशी सोय त्यात होती. आणि तो भिडत होता कोणाशी? पत्नीला मारहाण करणाऱ्या पुरुषाशी, भ्रष्ट राजकारण्याशी, कामगारांच्या सुरक्षिततेची पर्वा नसलेल्या खाणमालकाशी. १९३९ च्या एका कथेत तर शासनाला नवी घरे बांधणे भाग पडावे म्हणून तो गलिच्छ वस्तीच जमीनदोस्त करतो. पुढे त्याचे बळ वाढत गेले. तो उडू लागला, जवळजवळ अभेद्य झाला. मात्र अभेद्य नायकाची कथा सांगता येत नाही, कारण तिच्यात संकटच उरत नाही. म्हणून त्याला दुर्बळ करणारे ‘क्रिप्टोनाइट’ योजावे लागले. ते १९४३ साली नभोवाणी-मालिकेत आणि १९४९ साली चित्रकथेत आले. नायकाची भेद्यता अशी बाहेरून, एका दगडाच्या रूपाने आयात करावी लागणे, हीच सर्वशक्तिमानाच्या वीरत्वावरील सर्वांत मार्मिक टीका म्हणावी लागेल.

उंबेर्तो एको यांनी १९६२ साली आणखी एक विसंगती दाखवली. जगाची आर्थिक-राजकीय व्यवस्था पालटू शकेल एवढे बळ असलेला हा नायक आपल्या शहरातील दरोडेखोर पकडण्यात आयुष्य घालवतो. व्यक्तिगत मालमत्तेवरील हल्ला एवढेच त्याच्या लेखी दुष्टतेचे दृश्य रूप. आरंभीच्या कथा समोर ठेवल्या तर या निरीक्षणाला पुरवणी जोडता येते : बळ कमी होते तेव्हा नायकाची नैतिक दृष्टी व्यापक होती, बळ वाढले तशी ती आक्रसली. सामर्थ्य आणि वीरत्व यांचे प्रमाण येथे चक्क व्यस्त झाले आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकातील जीमूतवाहन उभा आहे. हा विद्याधरांचा राजपुत्र. परंतु शंखचूड नावाच्या नागाऐवजी तो स्वतःचा देह गरुडापुढे ठेवतो. येथे शस्त्र नाही, प्रतिकार नाही. त्यामुळेच या नाटकाचा रस शांत की वीर, असा वाद शास्त्रकारांत झाला. मलयवतीवरील अनुराग आणि अखेरची चक्रवर्तित्वाची प्राप्ती शांतरसाशी जुळत नाही, म्हणून धनिकाने येथे दयावीराचा उत्साह मानला आणि जीमूतवाहनाला धीरोदात्त ठरवले. स्वतःचे रक्षण न करणाऱ्याला वीर म्हणण्याचे धैर्य शास्त्राने दाखवले, हे महत्त्वाचे. मात्र अखेरीस गौरी त्याला जिवंत करते. त्यागाचे मोल नाटककार असे परत करून टाकतो.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत अशी परतफेड नाही. मांग समाजातला हा नायक बळात उणा नाही. दुष्काळात उपाशी माणसांसाठी तो धान्य लुटतो, ब्रिटिश सत्तेला आव्हान देतो. तरीही कादंबरीचा निर्णायक क्षण त्याच्या तलवारीचा नाही. आपली माणसे सरकारने डांबल्यावर त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून स्वाधीन होतो. ज्या ठिकाणी बळ निरुपयोगी ठरते, नेमके तेथेच त्याचे वीरत्व सिद्ध होते. युद्धवीराचे दयावीरात होणारे हे रूपांतर कादंबरीच्या संरचनेचा कणा आहे.

या नायकाचे चित्रण अतिरंजित आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो, आणि तो निराधार नाही. निवेदकाचा स्वर अनेकदा उद्गारवाचक होतो. प्रतिपक्षातील काही माणसे ठोकळेबाज राहतात. परंतु अतिरंजन आणि अतिमानवीकरण या भिन्न गोष्टी आहेत. फकिराचे शौर्य कितीही उंचावले तरी तो भुकेपासून, जातिव्यवस्थेपासून, परक्या कायद्यापासून मुक्त होत नाही. ज्यांच्यासाठी तो लढतो त्यांचे भोग हेच त्याचेही भोग आहेत. परग्रहावरून आलेल्या नायकाला जगाचे दुःख दिसते. फकिराला ते वाट्याला आलेले आहे. शिवाय ज्या समाजावर वासाहतिक कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यातून धीरोदात्त नायक उभा करणे म्हणजे परंपरेने नायकपदासाठी घातलेली कुलीनतेची अट मोडणे होय. वाङ्मयीन दोषांची नोंद करताना या कृतीचे मोल विसरता येत नाही.

तेव्हा नायक घडवणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न ‘याला कोणती शक्ती द्यावी’ हा नाही. तो कोणासाठी उभा राहतो, उभे राहताना काय गमावू शकतो आणि ते गमावण्याची निवड त्याची स्वतःची आहे काय, हे प्रश्न आधी येतात. त्यांची उत्तरे नसतील तर कितीही मोठे बळ केवळ चमत्कार निर्माण करते, आणि चमत्काराचा स्थायिभाव विस्मय आहे. विस्मयाने वाचक प्रेक्षक बनतो. उत्साहाच्या प्रत्ययाने तो स्वतःच्या निर्णयाच्या जबाबदारीपर्यंत येऊन पोहोचतो. अद्भुत आणि वीर यांतील हा भेद लोकप्रिय वाङ्मयाच्या मूल्यमापनातही पाळला गेला पाहिजे.