माइकचा आवाज कोण कमी करतो?

रात्री नऊच्या चर्चेत पडद्यावर सहा-आठ चौकटी दिसतात. प्रत्येक चौकटीतला माणूस तावातावाने बोलत असतो, पण त्यातल्या कोणाचा आवाज घराघरांत पोचायचा, हे सूत्रसंचालक आणि कंट्रोल रूममधली माणसं ठरवतात. सप्टेंबर 2022 मध्ये द्वेषमूलक भाषणांवरच्या याचिकांची सुनावणी सुरू असताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. अँकरची भूमिका फार महत्त्वाची आहे आणि ज्यांना बोलायचं असतं त्यांचाच आवाज अनेकदा बंद केला जातो, असं ते म्हणाले.

प्रश्न विचारणं ही कला आहे आणि ती आपल्याकडे होती. इंग्रजी वाहिनीवरचे मुलाखतकार करण थापर समोर एकच पाहुणा बसवत. 2007 मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी त्यांची मुलाखत काही मिनिटांत सोडून उठले, आणि ते न दिलेलं उत्तरही प्रेक्षकांनी पाहिलं. मराठीत ‘आयबीएन लोकमत’वर निखिल वागळे पाहुण्याला मध्येच तोडत. तो दोष होताच, पण त्यांच्या प्रश्नाचा रोख सत्तेकडे असे.

आता प्रश्नाच्या जागी निकाल आला आहे. चर्चा सुरू होण्याआधीच पडद्याखालच्या पट्टीवर आरोपी ठरलेला असतो. एप्रिल 2022 मध्ये हिजाबवरच्या एका हिंदी चर्चेत विरुद्ध बाजूच्या पाहुण्यांचं नातं थेट अल-कायदाच्या जवाहिरीशी जोडलं गेलं. वाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेने त्यासाठी 50,000 रुपये दंड केला. एवढ्या रकमेने कोणती वाहिनी सुधारणार? अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या वार्तांकनावर तर जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयालाच ताशेरे ओढावे लागले.

यामागे पैशाचं गणित आहे. यवतमाळच्या शिवारात बातमीदार आणि कॅमेरामन पाठवायला खर्च येतो, पक्षाचे प्रवक्ते मात्र सहज मिळतात. त्यामुळे माहितीऐवजी भांडण दाखवणं स्वस्त पडतं. पण सूत्रसंचालकाने या गणिताआड लपू नये. विषय कसा मांडायचा, कोणाला बोलवायचं, खोटं बोलणाऱ्याला कुठे थांबवायचं, यांवर त्याची सही असते. कोणी आकडा फेकला की तो तिथल्या तिथे तपासण्याइतकी तयारी नसेल, तर त्याने त्या खुर्चीवर बसू नये.

सप्टेंबर 2023 मध्ये विरोधी पक्षांच्या ‘इंडिया’ आघाडीने 14 अँकरांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार टाकला. तो निर्णय मला चुकीचा वाटतो. आपल्याला प्रश्न कोणी विचारायचे, हे राजकारण्यांनी ठरवू नये. पण ही वेळ यावी इतका अविश्वास अँकरांनीच ओढवून घेतला होता, हेही नाकारता येत नाही.

मराठी वाहिन्यांच्या संपादकांना एकच विनंती आहे. कापसाच्या भावावर पुढची चर्चा ठेवाल, तेव्हा चार प्रवक्ते कमी करा, एका कापूस उत्पादकाला बोलवा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत त्याचा माइक सुरू ठेवा.