'द फॅमिली ऑफ मॅन' : बंधुतेची अपुरी मांडणी

१९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एडवर्ड स्टायकेन यांनी हे प्रदर्शन मांडले. ६८ देशांतील ५०३ छायाचित्रांतून जन्म, श्रम, प्रेम व मृत्यू यांचे सूत्र गुंफून अखिल मानवजात एक कुटुंब आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. महायुद्धाने होरपळलेल्या जगाला हा दिलासा मोलाचा होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयाचे छायाचित्र प्रदर्शन चालू असतानाच तेथून काढण्यात आले. मृत्यू सर्वांना येतो. तो कोणाला कसा येतो, हे मात्र इतिहास ठरवितो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचा आक्षेप याच स्वरूपाचा होता. दुःख दाखवून त्याचे कारण झाकणारी बंधुता अपुरीच होय.