मागणे आणि शरणागती : गेथशेमानेच्या प्रार्थनेचा अन्वयार्थ

मराठी समीक्षेत ख्रिस्ती प्रार्थनेचा विचार बहुधा रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या निमित्ताने होतो. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा आश्रय केला. साहजिकच वारकऱ्यांची शरणागती आणि ख्रिस्ती समर्पण एकच मानण्याचा मोह होतो. हे समीकरण सर्वस्वी चुकीचे नाही. पण ते जेथे मांडले जाते ती जागा चुकीची आहे. त्यासाठी गेथशेमाने बागेतील प्रसंगाची संहिता पुन्हा वाचायला हवी.

मार्कच्या शुभवर्तमानात अटकेपूर्वी येशू देवाला ‘अब्बा’ या घरगुती अरामी शब्दाने हाक मारतो. पित्याला सर्व काही शक्य आहे असे म्हणून तो पुढ्यातला प्याला दूर करण्याची याचना करतो, आणि त्यानंतरच स्वतःच्या इच्छेपेक्षा पित्याची इच्छा वरचढ मानतो. हा क्रम निर्णायक आहे. येथे इच्छा विझवलेली नाही. ती पुरती उच्चारून मग सोपवलेली आहे. मागणेच नसते, तर सोपवण्याजोगे काही उरलेच नसते.

मत्तयच्या संहितेत आणखी एक दुवा सापडतो. तेथील दुसऱ्या प्रार्थनेतील ईश्वरेच्छेविषयीचे ग्रीक शब्द, शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतील शब्दांशी तंतोतंत जुळतात. शिकवणारा स्वतःच शिकवलेल्या प्रार्थनेच्या कसोटीला उतरतो. शिवाय त्या प्रार्थनेत ईश्वरेच्छेच्या लगोलग रोजच्या भाकरीची मागणी येते. गरजा पित्याला आधीच ठाऊक असतात असे सांगूनही येशू मागायला शिकवतो. म्हणजे प्रार्थना ही देवाला पुरवलेली माहिती नव्हे, तर नात्यातला उच्चार आहे.

येथे मराठी व्यवहारभाषा आपली दिशाभूल करते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्याकडे बहुधा दुर्घटना घडून गेल्यावर, सांत्वनासाठी येतात. त्यांचा काळ भूतकाळ असतो, सूर हताशेचा. गेथशेमानेतील उद्गार मात्र घटनेच्या अलीकडचा आहे; ‘होवो’ या आज्ञार्थी रूपात तो येऊ घातलेल्या संकटाला सामोरा जातो. पहिल्यात माणूस निकाल स्वीकारतो. दुसऱ्यात तो स्वतःला त्या निकालाच्या स्वाधीन करतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाले, की समर्पणाचा उपदेश अन्याय निमूट सोसण्याचा उपदेश होऊन बसतो.

म्हणूनच ख्रिस्ती प्रार्थनेचे खरे साम्य दैववादाशी नव्हे, तर विठ्ठलाशी भांडणाऱ्या नामदेव-जनाबाई-तुकारामांच्या वाणीशी आहे. तेथेही जवळीक आहे म्हणूनच हट्ट आहे, आणि हट्ट आहे म्हणूनच शरणागतीला मोल आहे. फरक आहे तो उत्तराचा. संतचरित्रांत विठ्ठल पुष्कळदा धावून येतो. मार्कच्या बागेत मात्र येशू तीनदा प्रार्थना करतो, शिष्य झोपलेले असतात आणि आकाशातून वाणी होत नाही. त्या मौनातच तो उठतो आणि पकडायला आलेल्यांना सामोरा जातो.

टिळकांचे अभंग वाचताना म्हणूनच केवळ शरणागतीची परिभाषा मोजून भागणार नाही. त्या शरणागतीपूर्वी कवीने काय मागितले होते, आणि ते मागणे कवितेत कितपत जिवंत राहिले आहे, हा प्रश्न समीक्षकाने आधी विचारला पाहिजे.