‘काँटॅक्ट’ : श्रद्धा आणि पडताळा

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची ‘काँटॅक्ट’ (१९८५) ही कादंबरी वैज्ञानिकाला अखेर श्रद्धेपुढे नमविते, असे मत मांडले जाते. आम्हांस ते मान्य नाही.

अभिजित ताऱ्याकडून आलेल्या संदेशानुसार यंत्र उभारले जाते. त्यातून एली अ‍ॅरोवे चार सहकाऱ्यांसह आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत जाऊन येते. परंतु सोबतच्या चित्रफिती कोऱ्या निघतात. धर्मोपदेशकांकडे पुरावा मागणारी एली आता स्वतःच पुराव्यावाचून उभी राहते. ही कोंडी लेखकाने प्रामाणिकपणे रंगविली आहे. मात्र ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढ्यावर एली थांबत नाही. प्रवासात मिळालेल्या सूचनेनुसार ती वर्तुळाचा परीघ व व्यास यांच्या गुणोत्तराचे अंक संगणकावर तपासू लागते. हा पडताळा कोणालाही घेता येण्यासारखा आहे.

मज्झिमनिकायातील वीमंसक सुत्तात प्रत्यक्ष तथागतांचीही परीक्षा करण्यास भिक्खूंना सांगितले आहे. अशा परीक्षेतून उपजणाऱ्या श्रद्धेस तेथे ‘आकारवती’, म्हणजे सकारण, म्हटले आहे. एलीची वृत्ती या श्रद्धेच्या जवळची आहे.

आमचा मतभेद शेवटाशी आहे. अकरा हा पाया धरून मांडलेल्या त्या अंकांत वर्तुळाची आकृती सापडते आणि तीच विश्वनिर्मात्याची खूण ठरते. आकृती आहे, एवढे सिद्ध झाले; कर्ता आहे, हे अनुमानच राहिले. पदोपदी पडताळा मागणाऱ्या लेखकाने नेमका येथे तो मागणे सोडले. तेव्हा या कादंबरीची पद्धती वाचकाने स्वीकारावी आणि तिच्याच आधारे तिचा निष्कर्ष तपासावा.