हार्डिनचं कुरण: उद्धृत करण्याआधी एकदा वाचा

पर्यावरणात पीएचडी करायची म्हणताय? मग गॅरेट हार्डिनचं नाव तुमच्या सिनॉप्सिसमध्ये येणार हे जवळपास ठरलेलं. माझ्याही आलं होतं. गायरानांची दुरवस्था का झाली, याचं उत्तर मी एका ओळीत देऊन टाकलं: जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही. पुढे कंसात हार्डिन, १९६८. आरआरसीमध्ये एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "या पेपरमध्ये कुठल्या गायरानाचा डेटा आहे?" मला सांगता येईना. संदर्भ मी दुसऱ्याच्या थिसिसमधून उचलला होता.

घरी येऊन पेपर वाचला. तुम्हीही वाचा. 'सायन्स'मध्ये आलेला 'सामायिकांची शोकांतिका' हा लेख जेमतेम सहा पानांचा आहे. त्यात खरं असं एकही कुरण नाही. सर्वांना खुलं असलेलं एक कुरण हार्डिन आपल्याला कल्पायला लावतो. एक गाय जास्त सोडली तर फायदा माझ्या एकट्याचा, नुकसान मात्र सगळ्यांत वाटलं जाणार. म्हणून प्रत्येक जण गायी वाढवतो आणि कुरण संपतं. हे उदाहरणही त्याने विल्यम लॉइड यांच्या १८३३ च्या लिखाणातून घेतलंय. आणि लेखाचा मुख्य विषय कुरण नाहीच, लोकसंख्या आहे! मुलं जन्माला घालण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन आणा, हे त्याचं खरं म्हणणं.

तर्क चुकीचा नाही. अडचण गृहीतकात आहे. या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, नियम करत नाहीत, बाहेरच्याला अडवत नाहीत. म्हणजे ही सामायिक मालकी नव्हेच, हा मुक्त प्रवेश झाला. या दोन संज्ञांमधला फरक वहीत लिहून ठेवा. आपल्या लेखात 'व्यवस्थापन नसलेल्या' हे विशेषण राहून गेलं, अशी कबुली हार्डिनने स्वतः १९९८ मध्ये 'सायन्स'मध्येच दिली. पण तोवर या लेखातून 'एकतर खाजगी मालकी, नाहीतर सरकारी ताबा' हा धडा जगभर घेतला गेला होता.

खरी कुरणं काय सांगतात? स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात १५१७ पासून लेखी नियम आहे: हिवाळ्यात जेवढ्या गायी पोसू शकता, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर न्या. एलिनॉर ऑस्ट्रॉमने १९९० च्या पुस्तकात अशीच उदाहरणं तपासली आणि २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मंगोलियाच्या सीमाभागातली उपग्रह चित्रंही बोलकी आहेत. रशियाच्या बाजूची सुमारे तीन चतुर्थांश कुरणं खराब झालेली, चीनच्या बाजूची एक तृतीयांशाहून अधिक आणि मंगोलियात, जिथे कळपांसह एकत्र फिरण्याची जुनी पद्धत टिकली होती, तिथे जवळपास एक दशांश. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूचा कारभार ग्रामसभेने हातात घेतला.

पण आता हार्डिन खोडून तिथे ऑस्ट्रॉम लिहिलं की झालं, असंही करू नका. तिची बरीचशी उदाहरणं लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समूहांची आहेत; हवामान बदलाला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. शिवाय 'गावाने ठरवलं' म्हणजे नेमकं कुणी ठरवलं? चराईबंदी झाली की शेती असलेल्याच्या विहिरीला पाणी वाढतं, पण भूमिहीन बाईने तिच्या चार शेळ्या न्यायच्या कुठे? नियम असणं आणि नियम न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून फील्डवर जाल तेव्हा 'शोकांतिका' हा शब्द लिहिण्याआधी चार गोष्टी विचारा. इथे हक्क कुणाचा? नियम कोण करतं? मोडला तर काय होतं? आणि नियम होते, तर ते कधी आणि कुणामुळे मोडले?

माझ्या सिनॉप्सिसमधली ती एक ओळ मी काढून टाकली. तिच्या जागी चौथा प्रश्न आला आणि आता माझा अख्खा थिसिस त्याच प्रश्नावर उभा आहे. एक पेपर मुळातून वाचल्याचा एवढा फायदा होतो.