पैसे कशाचे द्यायचे आणि कशाचे कापायचे?

म्हातारं माणूस पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, “आता काही या उठत नाहीत.” हे बोलणं खरं ठरणं बऱ्याच अंशी रुग्णालयाच्या हातात असतं. ते सुधारायला दोन देशांनी पैशाचाच वापर केला. त्यातला एक उपाय मला बराचसा पटतो आणि दुसरा मुळातच चुकलेला वाटतो.

आधी इंग्लंड. तिथे २००७ मध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. हाडांचे सर्जन आणि वृद्धरोगतज्ज्ञ, दोघांच्या संघटनांनी मिळून. २०१० पासून त्याला पैसे जोडले: ३६ तासांत ऑपरेशन, वृद्धरोगतज्ज्ञाची तपासणी, पुन्हा पडू नये आणि हाडं आणखी ठिसूळ होऊ नयेत याची तजवीज, एवढं केलं तर त्या रुग्णामागे रुग्णालयाला जादा रक्कम. २००७ ते २०११ या काळात नोंदीत सामील झालेल्या रुग्णालयांत तीस दिवसांतले मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. नोंदीमुळेच कशावरून, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. पुढे २०१९ मध्ये इंग्लंडची तुलना स्कॉटलंडशी केली गेली, कारण तिथे असे जादा पैसे नव्हते. इंग्लंडमध्ये मृत्यू जास्त घटलेले दिसले.

माझी तक्रार आहे ती घड्याळाच्या कौतुकाबद्दल. ३६ तास मोजायला सोपे, म्हणून सगळी चर्चा तिथेच अडकते. २०२० मध्ये १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात भारतातलीही रुग्णालयं होती. एका गटाचं ऑपरेशन साधारण ६ तासांत, दुसऱ्याचं २४ तासांत. नव्वद दिवसांत मृत्यू ९ टक्के आणि १० टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांत भ्रम होण्याचं प्रमाण कमी होतं आणि ती माणसं लवकर उभी राहिली. नातेवाइकांना विचारा, आई उभी राहिली का, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. मृत्यूच्या आकड्यात तो कुठे दिसतच नाही.

आता अमेरिका. ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरने ठरवलं की रुग्ण रुग्णालयातच पडून जखमी झाला, तर त्या दुखापतीचे जादा पैसे मिळणार नाहीत. ऐकायला किती न्याय्य! पण इंग्लंड काम केल्याचे पैसे देतं, आणि इथे घटना घडली म्हणून पैसे कापले जातात. ही घटना कशी टाळायची, हे त्या वेळी कुणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून हाताशी असलेला उपाय पुढे आला: खाटेला अलार्म. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीत अलार्मचा वापर वाढला, पडणं मात्र कमी झालं नाही.

पडू न देण्याचा खात्रीचा मार्ग एकच उरतो, रुग्णाला उठूच न देणं. काठ वर केलेली खाट, खाटेवरच बेडपॅन, “आजी, हलू नका हं.” म्हातारपणी थोडे दिवस असे पडून काढले तरी पायातली ताकद जाते. तक्ता स्वच्छ राहतो, आणि आजी घरी गेल्यावर न्हाणीघरात पडतात. ते पडणं रुग्णालयाच्या खात्यात येत नाही.

उपाय नाहीतच असं नाही. ऑस्ट्रेलियात पुनर्वसनाच्या ८ विभागांत रुग्णांशी एकेकट्याने बसून बोललं गेलं: तुम्ही कुठे पडू शकता, मदत कधी मागायची. शिवाय कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण. दर हजार रुग्ण-दिवसांमागे पडण्याचं प्रमाण १३.७८ ऐवजी ७.८० आढळलं. इथे कुणाला खाटेला खिळवून ठेवावं लागलं नाही.

आपल्याकडे एनएबीएचच्या मान्यतेसाठी रुग्ण पडण्याचं प्रमाण मोजावं लागतं. ते मोजावंच. पण त्याच तक्त्यात शेजारी एक रकाना हवा: आज किती रुग्ण खाटेवरून उतरून चालले?