आज्ञाधारक सोबती आणि त्याचा नकार : कृतिप्रधान भूमिकाधारी व्हिडिओ गेममधील संगणकचालित सहपात्रांचा विचार

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, सहपात्र, पीठमर्द, विदूषक, सोंगाड्या, स्वेच्छा

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेम हा विषय आपल्याकडील महाविद्यालयीन समीक्षेत अद्याप स्थिरावलेला नाही. त्याचा विचार झालाच तर तो व्यसन, डोळ्यांचे विकार किंवा अभ्यासाची हानी या अंगाने होतो. ही चिंता अनाठायी नाही. परंतु ज्या कथारूपात आजचा विद्यार्थी अनेक तास वावरतो, त्या कथारूपाची घडण कशी आहे, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. नाटक व कादंबरी यांच्या बाबतीत आपण पात्रांची चिकित्सा करतो, तशीच ती येथेही व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात या खेळांतील एकाच पात्रप्रकाराचा विचार केला आहे. तो म्हणजे संगणकाकडून चालविला जाणारा सोबती.

भूमिकाधारी खेळ म्हणजे ज्यात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो व त्या पात्राची शक्ती, कौशल्ये आणि साधने टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतो असा खेळ. त्यातील लढाया पाळीपाळीने न होता त्याच क्षणी, हाताच्या चापल्यावर होत असतील, तर तो कृतिप्रधान भूमिकाधारी खेळ होय. अशा खेळात नायक खेळणाऱ्याच्या हाती असतो. त्याच्याबरोबर चालणारे, लढणारे, बोलणारे इतर एक-दोन जण मात्र संगणकाच्या हाती असतात. हे सोबती खरोखर सोबती आहेत काय, की ते नायकाच्या हातातील जास्तीची शस्त्रे आहेत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या परिसरात उपस्थित करण्यास विशेष कारण आहे. सोलापूरजवळील कुंभारी येथे विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेची १०,००० घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तेथेच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला व त्यातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थ्यांना सुपूर्द झाली. ही घरे एकट्या नायकाने उभी केलेली नाहीत. आज्ञा पाळणाऱ्यांचा समुदाय एवढाच सहकाराचा अर्थ नसतो. तेथे प्रत्येकाला मत असते, आणि प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही असतो. अशा घरांतून येणारा विद्यार्थी पडद्यावर सोबतीची कोणती कल्पना पाहतो, हे त्याला शिकविणाऱ्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

२. परंपरेतील सहपात्र

नायकाच्या सोबत्याचा शास्त्रीय विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात पताकानायकाला पीठमर्द म्हटले आहे. तो नायकाचा अनुचर असतो, त्याचा भक्त असतो आणि गुणांनी त्याच्यापेक्षा किंचित उणा असतो. रामकथेतील सुग्रीव हे त्याचे परिचित उदाहरण. परंतु सुग्रीवाला स्वतःचे राज्य, स्वतःचे वैर व स्वतःचे प्रयोजन आहे, हे विसरता येत नाही. पताका मुख्य कथेला साहाय्य करते आणि तसे करताना तिचे स्वतःचेही काही साधते.

विदूषक हा दुसरा प्रकार. देवलांमुळे मराठी रंगभूमीस परिचित झालेल्या ‘मृच्छकटिका’तील मैत्रेय चारुदत्ताला दारिद्र्यात सोडून जात नाही, मात्र वसंतसेनेविषयीच्या त्याच्या ओढीला तो मान्यताही देत नाही. विरोध करणारा आणि तरीही सोबत राहणारा असा हा मित्र आहे. आपल्या लोकनाट्यात ही परंपरा अधिक धीट झाली. गवळणीतील पेंद्या कृष्णाचीही थट्टा करतो. वगातील सोंगाड्या राजाची आज्ञा ऐकतो, पण तिचा भलताच अर्थ लावून ती राजावरच उलटवितो. या सर्व सहपात्रांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांची निष्ठा गृहीत धरता येते, त्यांचे आज्ञापालन मात्र गृहीत धरता येत नाही. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे.

३. नियमांनी बांधलेला सोबती

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सीक्रेट ऑफ माना’ या जपानी खेळात तीन पात्रे एकत्र लढतात. खेळणारा एकटा असेल तर उरलेली दोन पात्रे संगणक चालवितो. त्यांनी किती आक्रमक व्हावे, शत्रूपासून किती अंतर राखावे, हे खेळणारा एका तक्त्यावर ठरवून देतो. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, शेजारी मित्र बसला असेल तर त्याच पात्राची सूत्रे त्याच्या हाती देता येतात. म्हणजे संगणकचालित सोबती येथे अनुपस्थित मित्राच्या जागी बसलेला आहे. ही जागा मुळात माणसाची होती, ही जाणीव पुढील अनेक खेळांत पुसट होत गेली.

२००६ सालच्या ‘फायनल फँटसी १२’मध्ये ही पद्धत अधिक बारकाईने आली. प्रत्येक सोबत्यासाठी अटी व कृती यांची एक यादी तयार करावयाची असते : एखाद्या मित्राची प्राणशक्ती ठरावीक प्रमाणाखाली गेली तर उपचार कर, शत्रू समोर असेल तर वार कर, इत्यादी. यादीत वर असलेला नियम आधी तपासला जातो. तो लागू नसेल तर त्याखालचा. ही रचना बुद्धीला आनंद देणारी आहे, यात शंका नाही. यादी उत्तम जमली तर लढाई जवळजवळ आपोआप जिंकली जाते. मात्र त्या क्षणी सोबती आणि खेळणारा यांच्यात अंतर उरत नाही. सोबत्याने जे केले ते खेळणाऱ्यानेच आधी लिहून ठेवलेले असते. त्यामुळे तो कौतुकास पात्र ठरला तरी कृतज्ञतेस पात्र ठरत नाही.

४. चूक कोणाची?

‘स्कायरिम’ या २०११ सालच्या खेळातील लिडिया ही योद्धी खेळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यातही तिच्या पराक्रमापेक्षा अडचणीमुळे अधिक. अरुंद दारात ती वाट अडवून उभी राहते, जमिनीतील सापळ्यावर पाय देते. याचे कारण तांत्रिक आहे. चालण्यायोग्य भूमीचा एक नकाशा संगणकाजवळ असतो. त्यावरून नायकापर्यंतचा मार्ग काढून ठरावीक अंतरावर थांबणे, एवढेच सोबत्याला कळते. नायक मागे वळला की तोच सोबती त्याच्या वाटेत येतो.

येथे पुन्हा मैत्रेयाचे स्मरण होते. न्यायसभेत शकाराशी झालेल्या झटापटीत त्याच्याजवळचे वसंतसेनेचे दागिने खाली पडतात आणि तेच चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. सोबत्याच्या हातून नायकाचा घात होण्याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल. पण ती चूक मैत्रेयाची आहे. मित्रावरील आरोप सहन न झाल्याने आलेल्या रागातून ती घडली आहे आणि म्हणून ती त्याचे चरित्र उजळविते. लिडियाची चूक लिडियाची नाही. ती मार्ग काढणाऱ्या गणिताची आहे. खेळणारा तिच्यावर रागावतो, परंतु तो राग एखाद्या व्यक्तीवरचा न राहता बिघडलेल्या यंत्रावरचा होतो.

या अडचणीवर काहींनी वेगळा उपाय योजला. भूमिकाधारी नसलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या २०१३ सालच्या खेळात लपतछपत जाताना सोबतची मुलगी एली शत्रूसमोरून गेली तरी सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाही. त्यामुळे खेळणाऱ्याची चीड टळते, मात्र त्याची किंमतही मोजावी लागते. कथेत जिच्या जिवाची सतत काळजी आहे, ती खेळाच्या नियमांत त्या क्षणापुरती धोक्याबाहेर असते. ज्याला चूकच करता येत नाही, त्याच्यावर विश्वास टाकण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

५. नकार देणारा सोबती

सोबत्याला स्वतःचे मत देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न बायोवेअर या कॅनडातील संस्थेच्या खेळांत दिसतो. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) मध्ये प्रत्येक सोबत्याची नायकाविषयीची मर्जी आकड्यात मोजली जाते. नायकाचा निर्णय पटला तर ती वाढते, न पटला तर घटते. ॲलिस्टर या पात्राच्या गुरूच्या मृत्यूस कारणीभूत झालेल्या सेनापतीला जीवदान दिल्यास ॲलिस्टर कायमचा निघून जातो. येथे नकाराला बळ आहे. परंतु याच खेळात भेटवस्तू देऊनही मर्जी वाढविता येते. ज्या मित्राचे मन दुखावले त्याला आवडीची वस्तू दिली की हिशेब बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. मैत्रीचे हे खातेवहीकरण समीक्षकाला खटकल्यावाचून राहत नाही.

‘मास इफेक्ट’ (२००७) मधील रेक्सचा प्रसंग याहून सरस आहे. त्याच्या जमातीवर प्रजननक्षमता नष्टप्राय करणारा रोग लादण्यात आला आहे. त्यावर उपाय ठरू शकेल असे संशोधन जेथे चालू आहे, ते केंद्र उद्ध्वस्त करणे हे नायकाचे कार्य असते. रेक्स शस्त्र उगारून नायकासमोर उभा राहतो. त्याची समजूत काढता येते. न निघाल्यास तो तेथेच मारला जातो. हा नकार भेटवस्तूने मिटणारा नाही, कारण तो मर्जीतून आलेला नसून प्रयोजनातून आलेला आहे. धनंजयाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे पताका मुख्य कथेच्या आड येते आणि त्यामुळेच मुख्य कथेचे मूल्य तपासले जाते.

६. प्याद्याचे बोलणे

कॅपकॉम या जपानी संस्थेच्या ‘ड्रॅगन्स डोग्मा’ (२०१२) मधील सोबत्यांना बुद्धिबळातील प्याद्याचेच नाव आहे. एक प्यादे खेळणारा स्वतः घडवितो. उरलेली दोन अनोळखी खेळणाऱ्यांनी घडविलेली असतात. परक्याच्या सेवेत जाऊन आलेले प्यादे तेथील शत्रूंविषयीचे व कामगिरीविषयीचे ज्ञान घेऊन परत येते आणि पुढे ते बोलून दाखविते. शाहीर अमर शेख यांचा वारसा सांगणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला येथे पोवाड्यातील झीलकऱ्यांची आठवण व्हावी. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलून धरावी, तसे हे सोबती नायकाच्या प्रत्येक कृतीला शब्दांची साथ देतात. ही साथ अनेकांना अतिरेकी वाटली. तरीही परक्याचा अनुभव आपल्या कामी येतो, ही या खेळातील कल्पना सहकाराच्या जवळ जाणारी आहे.

कथेच्या पातळीवर ही प्यादी इच्छाशून्य आहेत. पहिल्या खेळाच्या अखेरीस मात्र नायकाच्या दीर्घ सहवासाने त्याच्या प्याद्याला मानवी चैतन्य प्राप्त होते. आज्ञापालनातून स्वेच्छेकडे जाणारा हा प्रवास हृद्य आहे. २०२४ सालच्या दुसऱ्या भागात याची उलट बाजू दिसते. तेथे प्याद्यांना एक रोग जडतो. रोगी प्यादे उर्मट बोलू लागते, आज्ञा टाळू लागते आणि दुर्लक्ष झाल्यास नायक निद्रिस्त असताना वस्तीतील माणसांचा संहार करते. म्हणजे जी स्वेच्छा पहिल्या भागात वरदान होती, ती दुसऱ्या भागात साथीचा रोग ठरली. सोबत्याच्या नकाराची भीती या माध्यमात किती खोल आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण आढळत नाही.

७. पुण्यातील ‘राजी’

महाराष्ट्रात घडलेला या संदर्भातील उल्लेखनीय खेळ म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). काटेकोर अर्थाने तो भूमिकाधारी नसून कृतिप्रधान साहसखेळ आहे. तरीही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघते. तिच्यासोबत लढणारा कोणीही नाही. दुर्गा व विष्णू तिच्या वाटचालीवर आपसात संवाद करतात, तिला शस्त्रे लाभतात. परंतु ते तिच्या शेजारून चालत नाहीत. त्यांचे स्थान सूत्रधाराचे आहे.

छायाबाहुल्यांच्या शैलीतील कथन व चित्रमय वास्तू यांमुळे हा खेळ आपल्या परंपरेचे ऋण सन्मानाने मान्य करतो. राजीचे एकटेपणही कथेला शोभणारे आहे, कारण तिचा खरा सोबती हरवलेला आहे. तथापि एक उणीव नोंदवावीशी वाटते. परंपरेतून देवता, शस्त्रे व शिल्पे घेतली गेली. विदूषक व सोंगाड्या मात्र घेतला गेला नाही. नायिकेला टोकणारे, तिच्याशी भांडणारे आणि तरीही न सोडणारे पात्र हे आपल्या नाट्यपरंपरेचे मोलाचे धन आहे. त्याला संगणकीय रूप देणे कठीण आहे, हे मान्य करूनही ते अजून कोणी मनावर घ्यावयाचे आहे, असे म्हणावे लागते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) संगणकचालित सोबत्याचे मूल्यमापन केवळ त्याच्या युद्धकौशल्यावरून करणे अपुरे आहे. नियम अचूक पाळणारा सोबती उपयुक्त ठरतो, पण तेवढ्याने तो पात्र ठरत नाही.

२) सोबत्याची चूक त्याच्या स्वभावातून येते की गणितातून, यावर तिचे कलात्मक मूल्य ठरते.

३) नकार हा सोबतीचा दोष नसून तिची कसोटी आहे. मात्र तो आकड्यांच्या मर्जीतून न येता पात्राच्या स्वतःच्या प्रयोजनातून यावयास हवा.

४) विदूषक, पेंद्या, सोंगाड्या व झीलकरी ही सहपात्रे या नव्या माध्यमाच्या समीक्षेला परिभाषा आणि निर्मितीला आदर्श पुरवू शकतात.

जो विद्यार्थी रोज काही तास केवळ होकार देणाऱ्या सोबत्यांमध्ये घालवितो, तो वर्गातील किंवा मोहल्ल्यातील सोबत्याच्या ‘नाही’ला कसे सामोरे जाईल, याचे उत्तर एका लेखात देता येणार नाही. परंतु रेक्ससारख्या पात्रासमोर थांबून, शस्त्र खाली ठेवून, त्याचे म्हणणे ऐकून घेणारा विद्यार्थीही याच खेळांतून घडू शकतो. या दोन शक्यतांमध्ये विवेक करावयाचा असेल, तर विद्यार्थ्याच्या हातातील खेळ काढून घेण्याआधी शिक्षकाने तो एकदा त्याच्याशेजारी बसून पाहिला पाहिजे.